वजा केलेला महिना

वाघाचं पिल्लू गळ्यात बांधून पाच महिने हिंडायचं, असं प्रिस्कानं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी मिरजेत चटणीसाठी शेंगदाणे भाजत होते. मी म्हटलं, "अगं, दुसरं कुणी सापडलं नाही का तुला? साठी उलटली माझी. नातवंडं खेळवायच्या वयात मी वाघ खेळवू?"

"नातवंडं नाहीत म्हणूनच तर वाघ देतेय," ती म्हणाली. माझीच लेक. उत्तराला तिला कधी वेळ लागत नाही. तोवर शेंगदाणे करपले ते करपलेच.

मी रूथ उजागरे. चौतीस वर्षं नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात सिस्टर होते. अपुऱ्या दिवसांची, किलो-सव्वा किलोची बाळं हा माझा प्रांत. प्रिस्का होबार्टला प्रयोगशाळेत असते. होबार्ट म्हणजे टास्मानिया, ऑस्ट्रेलियाच्या पायाशी असलेलं बेट; त्याच्या खाली मग बर्फच. तिथं पूर्वी एक जनावर होतं. पाठीवरच्या पट्ट्यांमुळं त्याला वाघ म्हणायचे, एरवी अंगानं कुत्रा, शेपूट कांगारूचं, आणि पोटाला पिशवी. मेंढ्या मारतो असा आळ घेऊन माणसांनी त्याचा निर्वंश केला. शेवटचा १९३६ साली होबार्टच्याच प्राणिसंग्रहालयात मेला.

प्रिस्का आणि तिच्या सोबत्यांनी संग्रहालयातल्या बरणीतल्या जुन्या पिल्लांमधून त्याची जनुकं वाचून काढली. त्याचा एक जिवंत नातेवाईक आहे, डनार्ट म्हणतात त्याला, उंदराएवढा. त्याच्या पेशींतली अक्षरं एकेक बदलत ही मंडळी वाघापर्यंत पोचली, आणि तो गर्भ त्यांनी डनार्टच्याच पोटात वाढवला.

"उंदराच्या पोटी वाघ?" मी म्हटलं. "फुटेल की गं बिचारी!"

"आई, पिशवीवाल्यांचं जन्माला येणं म्हणजे नुसती सुरुवात असते. पोटात दोन-तीन आठवडे, बस्स. तांदळाच्या दाण्याएवढं पिल्लू येतं. डोळे नाहीत, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. पुढचे दोन हात आणि तोंड तेवढं तयार. त्या हातांनी आईच्या केसांतून सरपटत ते पिशवीत जातं आणि सड तोंडात धरतं. सड तोंडातच फुगतो, म्हणजे सुटायची सोय नाही. मग आठवडेच्या आठवडे तिथं लटकायचं. आपण पोटात वाढवतो आणि थोडे दिवस दूध पाजतो. त्यांचं उलटं. सगळी वाढ दुधावर."

"म्हणजे सगळीच अपुऱ्या दिवसांची. माझ्या वॉर्डातली."

"अपुरी नाहीत आई, पुरी. त्यांचे दिवस तेवढेच."

हे ती स्वच्छ बोलली होती. मी ऐकलं आणि सोडून दिलं. पुढं जे झालं त्याचं मूळ इथं आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

त्यांनी कपाटाएवढ्या यंत्रात कृत्रिम पिशवी केली होती. ऊब बरोबर, दमटपणा बरोबर, दूध बरोबर. आणि अकरा पिल्लं तिसऱ्या आठवड्यात मेली. आदल्या वर्षी प्रिस्का फोनवर हमसून रडली होती. कशी मेली विचारलं, तर म्हणाली, काही कारण नाही, श्वास थांबतो. मी म्हटलं, "अगं, विसरतात ती! आमची पेटीतली बाळंसुद्धा श्वास घ्यायचं विसरतात. कुणीतरी हलवावं लागतं. आईच्या छातीवर बांधली की तिच्या श्वासानं यांना आठवण होते. तुझ्या कपाटाला छाती कुठाय?"

पलीकडं पेन खरडल्याचा आवाज आला. मग "आई, मी नंतर फोन करते" म्हणून तिनं ठेवून दिला. वर्षभरात त्यांनी ती पिशवी माणसाच्या अंगावर घालायची केली, आणि चालणाऱ्या, बोलणाऱ्या, पायऱ्या चढणाऱ्या माणसांच्या छातीवर तिसरा आठवडा ओलांडून पिल्लं जगली. सुरुवातीला तीन. दोन नर आणि एक मादी. मादी माझ्या वाट्याला आली.

*

जूनमध्ये मी होबार्टला उतरले. तिकडं जूनमध्ये कडाक्याची थंडी, दात वाजायला लागले. पिशवी मऊ रबरासारखी, आतून ओलसर, पट्ट्यांनी छातीला घट्ट बसायची. तोंड खालच्या बाजूला, कारण खऱ्या वाघिणीची पिशवी मागं उघडते. झुडपातून जाताना पिल्लांच्या डोळ्यांत काटेकुटे जायला नकोत. तोंडाला आवळायची दोरी. आत रबरी सड, आणि सडाला जोडलेली दुधाची कुपी. कुप्या पाच रंगांच्या. दुधाचे पाच टप्पे.

पिल्लांना नावं ठेवायची नाहीत, असा नियम होता. माझीला तीन नंबर म्हणायचं. मी दोन दिवस म्हटलं. तिसऱ्या दिवशी स्वयंपाक करताना पिशवीत काहीतरी वळवळलं आणि तोंडातून निघून गेलं, "थांब की गं ठमे!" झालं. ठमी ती ठमीच.

दोन नंबर केनकडं होता. केन निवृत्त बसड्रायव्हर, बायको जाऊन तीन वर्षं झालेली, सहा फूट उंच, आणि पिशवी घातल्यापासून बसताना खुर्चीला आधी हात लावून बघणारा. आम्ही रोज नदीकाठी फिरायला जायचो. त्याला माझी शेंगदाण्याची चटणी आवडायची आणि तिखट लागलं की तो उचकी देत देत मागायचा. "सिस्टर," तो म्हणायचा, "तीस वर्षं मी लोकांना मागं बसवून नेलं. पुढं बसवून नेण्यात जास्त मजा आहे."

रविवारी प्रिस्का आमच्याबरोबर यायची. चालता चालता पिशवीवाल्यांच्या गोष्टी सांगायची, तिला तेवढंच वेड. यांचे पूर्वज दक्षिण अमेरिकेत होते. तेव्हा दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया एकमेकांना चिकटलेले, आणि अंटार्क्टिकावर जंगल होतं. त्या जंगलातून पिढ्यान्‌पिढ्या पुढं सरकत ही मंडळी इथवर आली. मग जमिनी फाटल्या आणि ही इकडं अडकली.

"म्हणजे चालत आली, बिनव्हिसाची," मी म्हटलं. "मला मात्र बोटांचे ठसे द्यावे लागले."

इथं मग यांचं राज्य झालं. गेंड्याएवढा एक प्राणी होता, बिळात राहणाऱ्या आताच्या गुबगुबीत वोम्बॅटचा दूरचा काका, गवत खात हिंडायचा. झाडावरून झडप घालणारा एक पिशवीवाला सिंहही होता. माणसं आल्यावर आणि हवामान बदलल्यावर ते सगळे संपले. उरले कांगारू, कोआला, वोम्बॅट, डनार्टसारखी बारकी मंडळी. "लोक यांना अर्धवट समजतात," प्रिस्का चिडून म्हणायची. "की पोटात पुरं वाढवता येत नाही म्हणून पिशवी. अर्धवट नाहीत ती. कांगारूची आई एकाच वेळी दोन सडांतून दोन तऱ्हेचं दूध देते. एक नुकत्या जन्मलेल्यासाठी, एक उड्या मारणाऱ्यासाठी. करून दाखवा म्हणावं."

बोलताना तिचे गाल लाल व्हायचे. मला वाटायचं, हिनं कानाला काही बांधलं नाही, सर्दी होणार. मी माझा मफलर काढून तिच्या गळ्यात टाकायची. ती तो लगेच काढून हातात धरायची. हे दर रविवारी.

*

आता माझा गुन्हा सांगते.

ठमी इतर दोघांपेक्षा दोन दिवस आधी जन्मली होती. पहिल्याच आठवड्यात मी नोंदवहीत वाचलं. अठरा दिवसांच्या गर्भारपणात दोन दिवस! माणसाच्या मापानं तो महिना होतो. वॉर्डात आम्ही असल्या बाळांचं करेक्टेड वय धरतो. दोन महिने आधी आलं असेल तर वयातून दोन महिने वजा करायचे. मान कधी धरली, कधी बसलं, सगळं त्या वजा केलेल्या वयानं बघायचं. आईबापांना मी हजारदा सांगितलंय, शेजारच्या बाळाशी तुलना करू नका, याचे दिवस वेगळे.

म्हणून दुसऱ्या रंगाची कुपी लावायचा दिवस आला तेव्हा मी ती लावली नाही. दुसरं दूध पहिल्यापेक्षा दाट. एवढ्याशा पोटाला कसं झेपायचं? पिल्लाला जुलाब होत असतील तर टप्पा तीन दिवस लांबवायची पिशवी घालणाऱ्या आम्हा माणसांना मुभा होती. मी लिहिलं, जुलाब. तीन दिवसांनी पुन्हा लिहिलं, जुलाब. ठमीला एकदाही जुलाब झाले नव्हते. चौतीस वर्षांत मी तक्त्यावर खोटा आकडा लिहिला नाही. आणि इथं आठवड्यात दोनदा लिहीत होते, तेही अगदी शांतपणे, कारण मला खात्री होती की माझं बरोबर आहे.

अकराव्या आठवड्यात वजन झालं. केनच्या पिल्लाचे डोळे उघडले होते, पाठीवर पट्टे उमटले होते, वजन सातशे ग्रॅम. तिसऱ्या माणसाकडचं जवळपास तेवढंच. ठमी तीनशे दहा. डोळे मिटलेले, अंगावर केस नाही, गुलाबी.

त्या दुपारी प्रिस्का माझ्याकडं आली आणि स्वयंपाकघरात खुर्चीवर नुसती बसून राहिली. तिचा चेहरा उतरला की मला तिचा पाळण्यातला चेहरा दिसतो. मी चहा ठेवला.

"बहुतेक जनुकांतच चुकलंय आई," ती म्हणाली. "सारखे जुलाब, पुढचं दूध पचतच नाही. एखादं अक्षर कुठंतरी बिघडलंय. प्रयोगशाळेच्या समितीचं म्हणणं, मादीच्या पेशींची ही सगळी ओळच टाकून द्या."

"टाकून द्या म्हणजे?"

"म्हणजे पुन्हा मादी करायची नाही. सहा वर्षांचं काम. वाघ सोडायला दक्षिणेला बेट तयार आहे, तिथं दोन नर जातील आणि म्हातारे होऊन मरतील. ठमी इथं काचेमागं राहील. मला तर कळतच नाही, दूध तिघांना एकच असताना हिलाच का झेपत नाही, आणि पुढचं दूध नाही तर वाढ नाही..."

"दुधाचा काय संबंध?" मी गॅस बारीक करत विचारलं. "बाळ जसं वाढेल तसं आईचं दूध बदलतं."

"माणसात. यांच्यात उलटं. यांच्यात घड्याळ दुधात असतं. वॉलबीची, म्हणजे बुटक्या कांगारूंची, पिल्लं अदलाबदल करून बघितलीत शास्त्रज्ञांनी. लहान पिल्लू पुढच्या टप्प्यातल्या आईला लावलं तर ते भराभर मोठं होतं. पिल्लू नाही ठरवत मोठं कधी व्हायचं. दूध ठरवतं."

चहा उतू गेला. मी गॅस बंदसुद्धा केला नाही, तिनंच उठून केला.

"प्रिस्का," मी म्हटलं, "जनुकं चांगली आहेत. जुलाब झालेच नाहीत, मीच तिला अजून दुसऱ्या कुपीवर ठेवलंय."

मी सगळं सांगितलं. दोन दिवस, महिना, जुलाब, खोट्या नोंदी. ती ऐकत होती. रागावेल असं वाटलं होतं. पण ती माझ्याकडं विचित्र बघायला लागली.

"परत वजा केलंस तू," ती म्हणाली.

प्रिस्का स्वतः एकतिसाव्या आठवड्यातली. अकराशे ग्रॅमची. तिचे बाबा ती चार महिन्यांची असताना गेले आणि मी तिला छातीवर बांधूनच सगळं निभावलं. तिच्या वयातून मी दोन महिने वजा करायची. दोन वर्षांपर्यंत करतात. मी शाळेतसुद्धा एक वर्ष उशिरा घातलं. सायकल उशिरा दिली. सहलीला पाठवलं नाही. वर्गातल्या पोरी तिला ताई म्हणायच्या, एका वर्षानं मोठी म्हणून.

"बारावीला मी एकोणीस वर्षांची होते आई. तू अर्जावर सही करताना म्हणालीस, घाई काय आहे, तू तशी लहानच आहेस. मी इतक्या लांब का आले, तुला काय वाटतं?"

हे तिनं मला कधी म्हटलं नव्हतं. मला लागलं. फार लागलं. मी म्हणू शकले असते की जगलीस ती कुणामुळं. तोंडावर आलं होतं. पण छातीवर ठमी होती, तीनशे दहा ग्रॅमची, अकरा आठवड्यांची, आणि तिला तसं ठेवणारी मीच होते.

"पुढची कुपी दे," मी म्हटलं. "आणि समितीला सांग, चूक सिस्टरची आहे. मी लिहून देते."

लिहून दिलं. प्रत्येक खोट्या नोंदीची तारीख टाकून, खाली सही करून. मला काढतील असं वाटलं होतं. पण ठमी दुसऱ्या कुणाच्या अंगावर जाऊन टिकेल याची खात्री नव्हती, म्हणून ठेवलं. फक्त कुपी बदलायला रोज एक मुलगी येऊ लागली. तिच्यासमोर मान खाली घालून बसायचं, एवढी शिक्षा मला पुरेशी होती.

*

आणि मग काय सांगू! तिसरी कुपी लावली आणि पोरगी वाढायला लागली. खरे जुलाब झाले, दोन दिवस जीव टांगणीला लागला, मग थांबले. रोज सकाळी पिशवी जड. आठव्या दिवशी डोळे उघडले. काळे, ओले, आणि पहिलं काय बघितलं तर मला. केनला फोन केला तर तो म्हणाला, "बिचारी! पहिल्याच दिवशी एवढा धक्का!"

पाठीवर पट्टे आले, कमरेपासून शेपटीपर्यंत. तेरा. जांभई दिली की जबडा उघडायचा तो उघडतच जायचा. पिशवीतून बाहेर यायची, स्वयंपाकघरात टेबलाखाली हुंगत हिंडायची, भांडं पडलं की धूम पळत येऊन डोकं खुपसून आत. शेपूट बाहेरच. दोन महिन्यांत तिनं भावांना गाठलं. मी तिच्यावर इतका जीव लावला की मिरजेचं परतीचं तिकीट पुढं ढकललं, तेही प्रिस्काला न सांगता.

नोव्हेंबरात चाचणी होती. फर्नच्या रानात तारेचं मोठं कुंपण. पिल्लाला आत सोडायचं. पिशवीवाल्यानं पिशवी घालून एका जागी अर्धा तास उभं राहायचं, बोलायचं नाही, हाक मारायची नाही. पिल्लू पिशवीत शिरलं तर नापास, जन्मभर होबार्टला काचेमागं. नाही शिरलं तर बेटावर. केनचा आणि दुसरा नर पास झाले होते. केन घरी जाऊन दोन दिवस फोन उचलत नव्हता.

चाचणीच्या सकाळी गाडीत प्रिस्का म्हणाली, "आई, एक सांगायचंय. ठमी पास झाली तर बेटावर कुणीतरी राहायला लागेल. तीन वर्षं. मला विचारलंय. तिथं फोन लागत नाही नीट, बोट महिन्यातून एकदा." पुढं म्हणाली, "आणि नापास झाली तर काचघरात ती दुसऱ्या कुणाकडून खाणार नाही. ते तुला ठेवून घेतील, व्हिसाचं बघतील. तू म्हणशील तर मी बेटाला नाही म्हणते. इथंच राहू तिघी."

मी काचेतून बाहेर बघत बसले. इथंच राहू तिघी. देवबापा, मला दुसरं काय हवं होतं?

"दोरी ओढली तर चालतं का?" मी विचारलं. "चाचणीत."

"चालतं. खरी आईसुद्धा एक दिवस पिशवी आवळून घेते. नियमात आहे." ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "ओढायलाच पाहिजे असं नाही."

कुंपणात मी उभी राहिले. वन्यजीव खात्याची बाई घड्याळ घेऊन बाहेर, प्रिस्का तिच्या शेजारी. ठमीला सोडलं. ती हुंगत हुंगत फर्नमध्ये गेली, दिसेनाशी झाली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात वर एक मोठा काळा पक्षी कर्कश ओरडला, आणि फर्न हलले, आणि ठमी धावत आली. सरळ माझ्याकडं. कान मागं, डोळे विस्फारलेले. भ्यायलं होतं लेकरू.

मी दोरी ओढली.

तिनं नाक खुपसलं. पिशवीचं तोंड बंद. तिनं पुन्हा खुपसलं, मग डोकं, मग दोन्ही पंजांनी खरवडायला लागली. खोकल्यासारखं भुंकायला लागली. मला बोलायची मुभा नव्हती. दोरी मुठीत इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी मनात म्हणत होते, ठमे, तू पुरी आहेस गं. पुरी आहेस. मग तिला राग आला. तिनं माझ्या अंगठ्याला करकचून चावा घेतला, रक्त आलं, आणि मी दोरी सोडली नाही.

ती मागं सरकली. अंग झाडलं. वर त्या पक्ष्याकडं बघितलं आणि त्याच्यावरच भुंकली. आणि फर्नमध्ये निघून गेली. पुढचं मला दिसलं नाही, डोळे भरून आले होते.

घड्याळवाल्या बाईनं हात वर केला. प्रिस्का फाटक उघडून धावत आली आणि माझा अंगठा तिच्या रुमालात गुंडाळायला लागली.

"मागं वळून बघितलं का गं तिनं?" मी विचारलं.

"नाही."

"एकदासुद्धा?"

"एकदासुद्धा नाही आई."

"शाब्बास," मी म्हटलं, आणि हमसून हमसून रडले. पोरीनं मला धरून ठेवलं. बऱ्याच वेळानं मी नाक पुसलं आणि तिला बाजूला केलं.

"चल, उशीर नको," मी म्हटलं. "घरी जा आणि बेटासाठी तुझी तू बॅग भर. मी हात लावणार नाही."